घरातील उष्ण पाण्याचा टब : मार्का, पेढी आणि आपले परिमाण

व्यापाऱ्याचा अर्धा दिवस माल विकण्यात आणि उरलेला अर्धा माल खरेदी करण्यात जातो. पोत्यात हात घालून दाणा पारखणे, नमुना आणि प्रत्यक्ष माल यांत फरक नाही ना हे पाहणे, समोरच्या पेढीची पत विचारणे, या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. परंतु हाच चतुर व्यापारी घरासाठी एखादी नवी व महाग वस्तू घ्यावयास निघाला म्हणजे आपली सारी व्यापारी विद्या दुकानच्या गादीवरच ठेवून जातो की काय, असे कित्येकदा वाटते. रंगीत चित्रांचे पुस्तक पाहून तो भुलतो, मुलांच्या आग्रहाला वश होतो आणि जो प्रश्न तो शंभर रुपयांच्या मालासाठी विचारल्याशिवाय राहिला नसता, तो लाखांच्या वस्तूसाठी विचारावयाचे विसरतो.

अलीकडे आपल्या समाजातील अनेक कुटुंबांनी नवी घरे बांधली आहेत, जुनी घरे वाढविली आहेत. पलासिया चौकापासून आग्रा-मुंबई रस्त्याने जाताना घरसजावटीच्या मालाची काचेरी दालने पाहिली म्हणजे स्नानगृह हा आता घराचा कोपऱ्यातला भाग राहिलेला नाही, हे कोणाच्याही ध्यानी येईल. अशा घरांतून उष्ण पाण्याच्या टबाविषयी, ज्याला कोणी ‘हॉट टब’, कोणी ‘स्पा’ तर कोणी ‘जकूझी’ म्हणतात, त्याविषयी चौकशी होऊ लागली आहे. तरुणांना ती हौस वाटते. घरातील वडीलधाऱ्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना आराम मिळेल, अशीही आशा त्यात असते. केवळ चैन म्हणून ही गोष्ट झटकून टाकता येत नाही आणि केवळ औषध म्हणून डोळे मिटून स्वीकारताही येत नाही. म्हणून या विषयाचा थोडा साकल्याने विचार करावा, असे आम्हांस वाटले.

उष्ण स्नानाची परंपरा

उष्ण पाण्याने शरीराला सुख देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. तांब्याचा बंब, घंगाळ, उटणे आणि दिवाळीचे अभ्यंगस्नान ज्या घरांत चालत आले, त्यांना हे सांगावयास नको. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या हद्दीतील वज्रेश्वरी व गणेशपुरी येथील उष्णोदकाची कुंडे महाराष्ट्रात प्रसिद्धच आहेत. १७३९ साली वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचे मंदिर बांधविले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. आपल्या माळव्यात मांडूच्या महालांतून हमामखाने आहेत. तापीकाठच्या बऱ्हाणपूर येथील शाही किल्ल्यातील हमामखाना, त्याच्या छतावरील रंगीत नक्षीसह, आजही पाहावयास मिळतो.

बऱ्हाणपूरची एक गोष्ट मात्र विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथे सतराव्या शतकाच्या आरंभी, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या अमलात सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपे भुयारी वाटेने शहरात आणण्याची योजना झाली. ती कुंडी भंडारा या नावाने अद्याप ओळखली जाते. नगराने आधी पाण्याची सोय पाहिली आणि त्या पाण्यावर सुखसोयी उभ्या राहिल्या. आज टब घेणारा गृहस्थ बहुधा उलट क्रमाने चालतो. टब आधी ठरवितो आणि पाणी, वीज, गच्ची यांची चौकशी टब दारात आल्यावर करतो.

‘स्पा’ हे नाव बेल्जम देशातील स्पा नावाच्या गावावरून आले. तेथील झऱ्यांच्या पाण्यासाठी युरोपातील लोक शतकानुशतके जात असत. २०२१ साली युनेस्कोने युरोपातील अकरा स्नाननगरांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत स्पा आहे आणि इंग्लंडातील बाथही आहे.

‘जकूझी’ या नावाची कथा मात्र एका व्यापारी कुटुंबाची आहे. इटलीहून अमेरिकेत गेलेल्या सात जकूझी बंधूंनी १९१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात कारखाना काढला. प्रथम त्यांनी विमानांचे पंखे केले. १९२१ साली त्यांच्या विमानाला अपघात होऊन एक भाऊ दगावला, तेव्हा त्यांनी विमानांचा नाद सोडला आणि शेतीच्या पंपांकडे लक्ष वळविले. पुढे कँडिडो जकूझी यांच्या लहान मुलाला संधिवाताचा असाध्य विकार जडला. इस्पितळात पाण्याच्या झोतांनी मुलाला बरे वाटते हे पाहून बापाने घरच्या साध्या टबात बुडवून ठेवता येईल असा छोटा पंप तयार केला. हा पंप १९५० नंतरच्या दशकात बाजारात आला. टबाच्या भिंतीतच झोताच्या तोट्या बसविलेला संपूर्ण टब त्याच कुटुंबातील रॉय जकूझी यांनी १९६८ साली केला. डालडा म्हणजे वनस्पती तूप आणि झेरॉक्स म्हणजे छायाप्रत असे समीकरण जसे झाले, तसेच या नावाचेही झाले. तेव्हा दुकानात कोणी ‘जकूझी दाखवितो’ म्हणाला, तर ती त्या कंपनीची आहे की नुसते नाव घेतले आहे, हा पहिला प्रश्न विचारावा.

या कथेतील दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. आजारी मुलाला जे हवे होते, ते पाच माणसांचे संगमरवरी कुंड नव्हते. एका साध्या टबात ठेवलेला पंप त्याला पुरला.

वस्तू तीन, नाव एक

बाजारात एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू दाखविल्या जातात आणि भावांची तुलना फसते ती येथेच.

पहिली वस्तू म्हणजे स्नानगृहात बसवावयाचा झोताचा टब. तो प्रत्येक वेळी भरावयाचा आणि स्नान झाले की रिकामा करावयाचा. एक-दोन माणसांच्या टबात एका वेळी सुमारे २५० ते ३०० लिटर पाणी लागते. पाणी घरच्या गीझरमधून येते. म्हणून गीझर २५ लिटरचा असेल, तर टब अर्धा भरण्याआधीच गार पाणी येऊ लागते.

दुसरी वस्तू म्हणजे खरा हॉट टब किंवा स्पा. यात हजार-बाराशे लिटर पाणी कायम भरलेले असते. ते गाळण्याचे, तापविण्याचे आणि फिरविण्याचे यंत्र टबाच्या पोटातच असते. पाणी रोज बदलावयाचे नसते. औषध घालून ते स्वच्छ ठेवावयाचे आणि साधारण तीन-चार महिन्यांनी बदलावयाचे. यात साबण लावून स्नान करीत नाहीत. अंग आधी धुऊन मगच उतरतात.

तिसरी वस्तू म्हणजे हवा भरून उभा करावयाचा टब. इंटेक्स, बेस्टवे इत्यादी कंपन्या असे टब करतात. किंमत पुष्कळ कमी, मांडणी सोपी, परंतु आयुष्य बेताचे आणि उष्णता टिकविण्याची शक्ती थोडी. हौस किती दिवस टिकते हे पाहावयाचे असेल, त्यास हा मार्ग वाईट नाही.

या तिहींची किंमत एका कागदावर शेजारी लिहून ‘स्वस्त कोणता’ असे विचारणे म्हणजे सायकल, रिक्षा आणि मोटार यांचे भाव ताडून पाहण्यासारखे आहे.

मार्क्यांचा विचार

मार्क्यांपैकी काही नावे सर्वतोमुखी आहेत. अमेरिकेतील कोहलर ही पेढी १८७३ सालची. जनावरांना पाणी पाजण्याच्या बिडाच्या डोणीवर एनॅमलचा मुलामा देऊन तिच्या संस्थापकाने तिचा स्नानाचा टब केला, असे त्या पेढीच्या इतिहासात सांगतात. गुजरातेतील झगडिया येथे तिचा कारखाना आहे. आपल्याकडील जॅग्वार या उद्योगाचा आरंभ १९६० सालचा; नळांपासून सुरुवात करून तो झोताच्या टबांपर्यंत आणि स्पापर्यंत आला. निव्वळ हॉट टबांच्या धंद्यात कॅलिफोर्नियातील हॉट स्प्रिंग हा १९७७ सालापासूनचा जुना मार्का आहे. हंगेरीतील वेलिस यांसारख्या युरोपीय कंपन्याही आहेत. याखेरीज मागणीनुसार परदेशातून माल आणून त्यावर आपले नाव चिकटविणारे विक्रेतेही आहेत.

या सर्वांत श्रेष्ठ कोण, याचा निकाल देण्याचा आमचा हेतू नाही. मार्का जुना असणे ही एक हमी खरी. परंतु तो मार्का इंदुरात दुरुस्त होतो काय, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. कॅलिफोर्नियातील कीर्ती पलासियातील गळक्या नळीला उपयोगी पडत नाही.

या धंद्यातील एक गोष्ट व्यापाऱ्याला तत्काळ पटेल. पुष्कळ टबांवर मार्का निराळा असला तरी आतील यंत्र थोड्याच कारखान्यांचे असते. तापमान राखणारी व पंप चालविणारी विजेची पेटी कित्येक मार्क्यांत अमेरिकेतील बाल्बोआ किंवा कॅनडातील गेको या कारखान्यांची असते. तेव्हा टबाचे झाकण उघडावयास सांगावे आणि पेटी कोणाची, पंप कोणाचा, तापक किती किलोवॉटचा, हे लिहून घ्यावे. आतील यंत्र प्रसिद्ध असेल, तर पुढे विक्रेता नाहीसा झाला तरी सुटा भाग मिळू शकतो. यंत्र अनामिक असेल, तर साधी पेटी जळाल्यामुळे सबंध टब निकामी होण्याची भीती राहते.

झोतांच्या संख्येला मात्र फारसे महत्त्व देऊ नये. चाळीस तोट्यांचा टब वीस तोट्यांच्या टबाहून दुप्पट चांगला, हा समज खोटा आहे. पंपाची शक्ती तीच राहिली आणि तोट्या वाढल्या, तर प्रत्येक तोटीचा जोर घटतो. त्याऐवजी टबाचे कवच ॲक्रिलिकचे आहे की साध्या प्लास्टिकचे, त्यामागे आधार कशाचा आहे, भोवती उष्णता अडविणारा फेस किती जाड आहे आणि झाकण घट्ट बसते की नाही, हे पाहावे. झाकणाकडे कोणी पाहत नाही. वास्तविक विजेचे बिल तेच ठरविते.

गच्ची, वीज आणि पाणी

आपल्याकडील पुष्कळ मंडळी टब गच्चीवर ठेवू इच्छितात. माळव्याची रात्र, ‘शब-ए-माळवा’ म्हणून जिची ख्याती आहे, ती गच्चीवरच अनुभवावी, हे त्यांचे म्हणणे रसिकपणाचे आहे. परंतु आधी एक हिशेब करावा. दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद टबात १२०० लिटर पाणी म्हणजे १२०० किलो वजन. रिकाम्या टबाचे सुमारे ३०० किलो आणि पाच माणसांचे सव्वातीनशे किलो धरले, तर एकूण भार १८०० किलोंवर जातो. म्हणजे दर चौरस मीटरला साडेचारशे किलोंहून अधिक. वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला फिरता भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो आणि राहत्या खोलीसाठी सुमारे २०० किलो इतकाच आहे. गच्ची तिप्पट भार सोशील की नाही, हे विक्रेता सांगू शकत नाही. ते बांधकामाच्या अभियंत्यानेच सांगावे, आणि तेही लेखी.

विजेचा हिशेबही अवघड नाही. एक युनिट वीज ८६० लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविते. १२०० लिटर पाणी २५ अंशांवरून ३८ अंशांवर न्यावयाचे, तर सुमारे १८ युनिटे लागतात आणि ३ किलोवॉटच्या तापकाला त्यासाठी सहा तास द्यावे लागतात. हा झाला पहिल्या दिवसाचा खर्च. पुढे रोज जेवढी उष्णता झाकणातून व भिंतींतून निसटेल, तेवढी भरून काढावयाची. ‘बाहेर १० अंश तापमान असता २४ तासांत किती युनिटे?’ हा प्रश्न विक्रेत्यास विचारून उत्तर कागदावर घ्यावे. हवेतील उष्णता खेचून पाणी तापविणारा हीट पंप जोडल्यास हा खर्च तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येऊ शकतो, पण मूळ किंमत वाढते. घराचा मंजूर भार पुरेसा आहे काय, याचीही वीज कंपनीकडे चौकशी करावी.

पाणी आणि वीज एकत्र येतात तेथे काटकसर करू नये. टबासाठी स्वतंत्र तार, पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला प्रवाह तोडणारे संरक्षक बटण, या तिन्ही गोष्टींवाचून टब सुरू करू देऊ नये. ज्या विक्रेत्याला हे बटण अनावश्यक वाटते, त्याच्याकडून टब घेऊ नये, इतके आम्ही निक्षून सांगू.

पाण्याची गोष्ट इंदूरकरांना निराळी सांगावी लागू नये. १९३९ साली बांधलेल्या यशवंतसागराने या शहराची तहान काही काळ भागविली. पुढे ती अपुरी पडली. १९७० साली नागरिकांनी नर्मदेच्या पाण्यासाठी चळवळ केली आणि १९७८ साली जलूदहून नर्मदा इंदुरात आली. सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून, चारशेहून अधिक मीटर उंची चढवून हे पाणी आपल्या नळास येते. नळाच्या प्रत्येक बादलीत कोळसा व वीज मिसळलेली आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ज्यांच्याकडे बोअरवेल आहे, त्यांनी पाण्याचा जडपणा तपासून घ्यावा. जड पाण्याचा थर तापकावर बसला म्हणजे वीज अधिक जाते व तापक लवकर मरतो.

हिवाळ्याच्या चार महिन्यांत आठवड्यातून दोनदा, म्हणजे सुमारे पस्तीस वेळा, असा वापर धरला तर झोताच्या टबाला साडेआठ हजार लिटरांहून अधिक पाणी लागेल. भरून ठेवावयाच्या स्पाला दोनदा भरण्याचे २४०० लिटर आणि वर थोडीबहुत भर. बादलीने स्नान करणाऱ्यास, वीस लिटरांची बादली धरून, ७०० लिटर. हे तीन आकडे घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावेत.

पेढी पारखताना

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही काही दुकानांतून गिऱ्हाईक म्हणून हिंडलो. एका ठिकाणी आमचे उत्तम स्वागत झाले; थंड सरबत आले, रंगीत दिवे लावून दाखविण्यात आले आणि ‘आज विसार दिल्यास इतकी सूट’ असा आग्रह झाला. दुरुस्ती कोण करील, असे विचारता ‘कंपनीचा माणूस येतो’ असे उत्तर मिळाले. तो कोठून येतो, हे मात्र कोणास सांगता येईना. दुसऱ्या ठिकाणी चित्रांची पुस्तके होती, माल नव्हता. पैसे भरल्यावर तीन महिन्यांनी परदेशातून यावयाचा होता. तिसऱ्या दुकानातील गृहस्थांनी आमचे बोलणे ऐकून घेतले आणि भाव सांगण्याआधी तीन प्रश्न केले : टब जमिनीवर की गच्चीवर, पाणी नर्मदेचे की बोअरवेलचे, आणि घरात हृदयविकाराचे कोणी आहे काय? त्यांचा भाव तिघांत अधिक होता. तरीही आमचे मत विचाराल, तर व्यवहार करण्यास योग्य पेढी तीच.

विक्रेत्यास विचारावयाच्या गोष्टी आम्ही थोडक्यात नमूद करतो. हमी कवचाची किती वर्षे, पंपाची किती, विजेच्या पेटीची किती आणि मजुरीची किती, हे चारही वेगवेगळे लिहून घ्यावे; ‘पाच वर्षांची हमी’ या एका वाक्याला अर्थ नसतो. आयात मालावर आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता आहे ना, हे पाहावे. दोन वर्षांपूर्वी इंदुरात बसविलेला एक टब दाखविण्याची विनंती करावी आणि त्या घरच्या मंडळींशी बोलावे. टब जिन्याने चढेल की क्रेन लागेल व तिचा खर्च कोणाकडे, हे आधीच ठरवावे. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. टब भरून, तापवून, एक रात्र न गळता राहिल्यावर शेवटचा हप्ता द्यावा.

येथे एक सूचना खास आपल्या सभासदांसाठी. घरचा टब पेढीच्या नावाने घेऊन जीएसटीची वजावट मिळविण्याचा मोह काहींना होतो. वैयक्तिक उपभोगाच्या मालावर अशी वजावट कायद्याने मिळत नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाला नाही. घराच्या नावाने रीतसर बिल असेल, तर ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे दोन वर्षांच्या आत करता येते. खोट्या बिलाने थोडा कर वाचतो, पण हा आधार जातो. आणि सत्याणुव्रताला बाध येतो तो निराळाच.

आरोग्याची बाजू

पाण्याचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये आणि एका वेळी पंधरा मिनिटांहून अधिक बसू नये. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून टबात उतरू नये. लहान मुलांना एकटे सोडू नये. झाकणाला कुलूप असावे.

कोमट पाणी औषधावाचून ठेवले, तर त्यात रोगजंतू वाढतात. १९९९ साली नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेल्या अशा टबाच्या तुषारांतून लिजिओनेला नावाच्या जंतूचा फैलाव झाला. टबात कोणी उतरले नव्हते. केवळ शेजारून जाणारे लोक आजारी पडले आणि किमान ३२ जणांना प्राण गमवावे लागले. दुकानात पाणी खेळवून टब दाखविणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंनीही ही घटना विसरू नये. क्लोरीन अथवा ब्रोमीन यांचे प्रमाण आणि पाण्याचा सामू, जो ७.२ ते ७.८ असावा, नियमित तपासावा लागतो. हे काम घरातील कोण करील, त्याचे नाव आधी ठरवावे. नाव ठरत नसेल, तर टब घेऊ नये.

परिमाणाचा प्रश्न

आतापर्यंतचा हिशेब कोणत्याही गृहस्थाने करावयाचा आहे. श्रावकाला मात्र आणखी एक खाते उघडावे लागते.

आपल्या धर्माने पाण्याला नुसती वस्तू मानले नाही; अप्काय जीवांचा तो देह मानला. म्हणून पाणी गाळून घेणे आणि गरजेपुरते घेणे, ही आपल्या घरांची खूण ठरली. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान हाही एक आहे. गृहस्थाला तितकी अपेक्षा नाही. त्याला परिमाण सांगितले आहे. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी भोगोपभोगपरिमाण हे एक. एकदा भोगून संपतो तो भोग, पुनःपुन्हा भोगला जातो तो उपभोग, आणि दोहोंना आपणच मर्यादा घालावयाची. श्वेतांबर परंपरेत रोज धारण करावयाच्या चौदा नियमांत तर स्नानाचाही स्वतंत्र उल्लेख आहे.

हौशी तरुण म्हणेल की, भरून ठेवलेल्या टबाला झोताच्या टबाहून कमी पाणी लागते. आकडा त्याच्या बाजूचा आहे. परंतु ते पाणी टिकविण्यासाठी त्यात जंतुनाशक घालावे लागते, म्हणजे सूक्ष्म जीवांचा नाश हा त्या वस्तूच्या चालण्याचाच भाग होतो. वडीलधारे म्हणतील की, मग ही वस्तूच नको. त्यांनाही विचारता येईल की, गुडघ्याच्या वेदनेमुळे ज्यांचे सामायिकाला बसणे सुटले आहे, त्यांना उष्णोदकाने पुन्हा बसता आले, तर तो उपभोग म्हणावा की साधन? या प्रश्नाचे एकच उत्तर सर्व घरांना लागू पडणार नाही. ज्याने त्याने आपल्या व्रताप्रमाणे आणि महाराजसाहेबांस विचारून ते ठरवावे.

आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की, कारण जे असेल त्याच मापाची वस्तू घ्यावी. वडिलांच्या गुडघ्यांसाठी टब हवा असेल, तर आधी एखाद्या भौतिकोपचार केंद्रात महिनाभर उष्णोदकाचा प्रयोग करून पाहावा. गुण आला, तर एका माणसाचा, दार असलेला, आत बसता येईल असा छोटा टब पुरेल; त्यांना गच्चीचा जिना चढावा लागू नये. हौसच असेल, तर हौस म्हणून प्रामाणिकपणे मान्य करावी, आणि घेतल्यावर वर्षातून किती महिने वापरू, याचा नियम त्याच दिवशी घ्यावा. इंदूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो. त्या दिवसांत तसाही उष्ण टब कोणास सुचत नाही. तेव्हा वापराचे महिने चारच उरतात आणि किंमत त्या चार महिन्यांवर वाटून पाहावी लागते.

इतवारियातील काचमंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सर सेठ हुकुमचंदजींनी ते उभारले. भिंती, खांब, छत, सारे काचेने मढविले. त्या काळच्या इंदुरात संपत्ती दाखविण्याचे मार्ग अनेक होते. आपल्या वाडवडिलांनी वैभवाला नकार दिला नाही. त्याला जागा नेमून दिली. घरात काय आणावे आणि किती आणावे, हे ठरविण्याचा तोच वारसा आपल्याकडे आला आहे.

सभासद बंधुभगिनींनी टब जरूर पाहावेत, दुकाने जरूर हिंडावीत. भाव, हमी, भार, युनिटे आणि लिटर हे पाच आकडे एका वहीत लिहावेत. त्याच वहीत सहाव्या ओळीत आपले परिमाण लिहावे आणि मगच विसार द्यावा.